फॉरमॅट मारूनही पंधरा दिवसांत परत तेच? दुकानाच्या कॉम्प्युटरची तपासणी, फुकटापासून खर्चिकापर्यंत

आधी लक्षणं. यातली दोन-तीन तुमच्या मशिनला लागू पडत असतील तर पुढे वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

– पेनड्राइव्ह लावला की आतल्या फायलींच्या जागी शॉर्टकट दिसतात, किंवा आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट असतो.
– विंडोज सिक्युरिटी उघडली की रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद. चालू केलं तरी थोड्या वेळाने पुन्हा बंद.
– काहीही उघडलेलं नसताना फॅन घोंघावतो, पण टास्क मॅनेजर उघडला की आवाज लगेच उतरतो.
– मशिन सुरू होताना काळी खिडकी क्षणभर चमकून जाते.
– खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या येत राहतात.
– जीमेलचा किंवा फेसबुकचा पासवर्ड बदलला, तरी कोणीतरी आत शिरतंच.
– फॉरमॅट केल्यावर आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. जळगावच्या सराफ बाजारातलं बिलिंगचं मशिन असो, सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्यांच्या बिल्ट्या काढणारं असो, नाहीतर धुळ्याकडच्या जिनिंगमधलं असो, फोनवर वाक्य तेच येतं: “भाऊ, परत तेच व्हयनं.” फॉरमॅट करताना आत शिरलेली घाण जाते, पण ती ज्या वाटेने आली ती वाट तशीच राहते. रानडुकरं हाकलली आणि कुंपणातलं भगदाड ठेवलं, असा हा प्रकार. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत मी एकच गोष्ट शोधतो: वाट कुठली?

१. धूळ

हसू नका, पहिली तपासणी हीच. बटण बंद करा, वायर काढा, कॅबिनेटची बाजू उघडा. जिनिंगमध्ये फॅनवर रुईचा थर असतो, डाळ मिलमध्ये भुसा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की धड मशिनसुद्धा घोंघावतं आणि हळू होतं. ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं.

ही तपासणी आधी का, तर उष्णतेमुळे घोंघावणारा फॅन टास्क मॅनेजर उघडल्यावर शांत होत नाही. तुमचा प्रोसेसर वापरून गुपचूप क्रिप्टो नाणी काढणारे बरेचसे प्रोग्राम मात्र टास्क मॅनेजर दिसताच थांबतात, म्हणजे तुम्हाला काही सापडू नये. साफसफाईनंतरही आवाज असाच लपंडाव खेळत असेल तर पुढे चला.

२. कोपऱ्यातल्या पाट्या

‘व्हायरस सापडला’ म्हणणाऱ्या पाट्या बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. कोणीतरी पिक्चर डाउनलोड करायला एखाद्या साइटवर गेलं, तिथे ‘अलाऊ’ दाबलं आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. तिथली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे आणि एवढ्यासाठी लोक मशिन फॉरमॅट करून घेतात. एक्सटेन्शनची यादीही तेव्हाच बघा; जे तुम्ही स्वतः टाकलेलं नाही ते काढा.

तिथेच क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात ‘अपडेट’ किंवा ‘रीलाँच’ असं लिहिलेलं दिसेल. मशिन कधी बंदच करत नसल्यामुळे ते आठवडेच्या आठवडे तसंच असतं. क्रोममध्ये दर वर्षी अशा काही त्रुटी सापडतात की दुरुस्ती येण्याआधीच त्यांचा वापर सुरू झालेला असतो. २०२५ मध्येही हे बऱ्याच वेळा झालं. दुरुस्ती तुमच्या मशिनवर उतरून पडलेली असते, फक्त क्रोम बंद करून उघडायचं असतं.

३. विंडोज कुठलं, शेवटचं अपडेट कधीचं

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या खिडकीत इंग्रजीत ‘विनव्हर’ (winver) टाइप करा. आवृत्ती दिसेल. मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन शेवटच्या अपडेटची तारीख बघा.

विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर अडकलं. असं मशिन नेटवरून काढा. जुन्या बिलिंगसाठी ते हवंच असेल तर वायर काढून वापरा.

विंडोज १० चा प्रश्न जास्त फसवा आहे. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती मशिनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न भरता मिळते. पुष्कळांना हे माहीत नाही, कारण विंडोज अपडेटच्या पानावर दिसणारी ‘एनरोल’ची ओळ कोणी वाचतच नाही. उलट विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस-व्याख्या २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, त्यामुळे हिरवी टिक दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. डिफेंडर ओळखीचा चोर पकडतो. विंडोजमधली त्रुटी बुजवणं हे त्याचं काम नाही, ते अपडेटचं काम.

अपडेट बंद का असतात, याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. एकदा अपडेट चालू असताना लाईट गेली आणि मशिन उठलंच नाही, तेव्हापासून कोणीतरी अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवलेली असते. दुसरं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं आणि डेटा वाचवायला कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवलेलं असतं. मग मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. दुपारी लाईट जाते त्या वेळेत नको, रात्री दुकान वाढवताना अपडेट लावा आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना ते आधी बघा.

तारखांचा हिशोब किती महत्त्वाचा, याला वानाक्राय या रॅन्समवेअरसारखं, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामसारखं, उदाहरण नाही. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मधले जवळपास दोन महिने ज्यांनी अपडेट लावलं नाही, त्यांची मशिनं गेली.

४. डिफेंडरची सवलत-यादी

फॉरमॅटनंतर परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. विंडोज सिक्युरिटी, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी खाली ‘एक्सक्लुजन्स’. ही यादी सामान्य माणसाच्या मशिनवर रिकामी असायला हवी. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह किंवा ‘टेम्प’, ‘प्रोग्रामडेटा’ असे फोल्डर दिसले, तर डिफेंडर चालू असूनही त्याला तिकडे बघायची मनाई आहे.

ही मनाई कोण घालतं? विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करणारे ॲक्टिव्हेटर. त्यांच्यासोबतच्या सूचनेत पहिली ओळच असते: ‘अँटिव्हायरस बंद करा’. बंद केल्यावर आत काय आलं, हे सांगायला कोणी जागं नसतं. फॉरमॅट करणारा माणूस त्याच पेनड्राइव्हवरून तेच विंडोज, तोच ॲक्टिव्हेटर, तेच क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो. दुखणं त्याच्या पेनड्राइव्हमधूनच येतं आणि फॉरमॅटचे पैसेही तोच घेतो. व्यवसायातल्या काही मंडळींना हे वाचून राग येईल, येऊ दे.

यादी रिकामी करा, ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू करा, आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपून बसणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. त्याशिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून मोफत साफसफाईची साधनं देतं, तीही वापरून बघा.

पासवर्ड बदलूनही कोणी आत येतं, त्याचं कारणही बहुतेक क्रॅकच. त्यातून येणारे चोर-प्रोग्राम ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय ज्या कुकीमुळे तुम्ही लॉगिन राहता ती कुकीही उचलतात. ती ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही नाही. यातला ‘लुमा’ नावाचा प्रोग्राम इतका पसरला होता की मायक्रोसॉफ्टने मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत ३,९४,००० विंडोज मशिनं त्याने बाधित झाल्याचं जाहीर केलं. म्हणून पासवर्ड आजारी मशिनवर कधीच बदलू नका. स्वच्छ मोबाइलवरून बदला आणि अकाउंटच्या सेटिंगमधून ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा.

५. विनरार, व्हॉट्सॲप आणि स्टार्टअप फोल्डर

विनरार म्हणजे अनेक फायलींचं एक पाकीट बांधणारं आणि सोडवणारं सॉफ्टवेअर. ते नसलेलं मशिन आपल्याकडे दाखवा आणि बक्षीस घ्या. चाळीस दिवसांची ट्रायल लोक वर्षानुवर्षं वापरतात आणि ते बिचारं रोज पैसे मागूनही चालत राहतं. अडचण अशी की ते स्वतःहून अपडेट होत नाही. बसवलं तेव्हाची आवृत्ती मशिन भंगारात जाईपर्यंत तशीच.

आणि त्यात मोठ्या त्रुटी निघाल्यात. २०२३ मध्ये निघालेल्या सीव्हीई-२०२३-३८८३१ (सीव्हीई म्हणजे त्रुटीचा नोंदणी क्रमांक) मध्ये पाकिटाच्या आतला साधा फोटो उघडायला डबल-क्लिक केलं की सोबत लपलेला प्रोग्राम चालू व्हायचा. शेअर-क्रिप्टोच्या ट्रेडर लोकांना तसल्या फायली पाठवल्या गेल्या. दुरुस्ती आली ६.२३ आवृत्तीत. मग २०२५ च्या जुलैमध्ये सीव्हीई-२०२५-८०८८ निघाली, ‘एसेट’ कंपनीच्या संशोधकांना सापडलेली. इथे तर आतल्या फाइलवर क्लिक करायचीही गरज नव्हती. पाकिटात वरून एकच कागद दिसायचा, नोकरीचा अर्ज वगैरे. पाकीट सोडवताना जास्तीची फाइल गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायची आणि पुढच्या लॉगिनला आपोआप चालायची. ३० जुलै २०२५ ला आलेल्या ७.१३ आवृत्तीत ही वाट बंद झाली.

तर विनरार उघडा, ‘हेल्प’, मग ‘अबाउट’. आकडा ७.१३ पेक्षा कमी दिसला तर आधी काढून टाका. लागलंच तर त्यांच्या मूळ साइटवरून नवीन घ्या. विंडोज ११ ला २०२३ पासून रार फाइल स्वतःच सोडवता येते, त्यामुळे अनेकांना विनरारची गरजच उरलेली नाही. ‘सेव्हन-झिप’ फुकट आहे, चांगलंही आहे, पण तेही आपणहून अपडेट होत नाही, २५.०० च्या आधीची आवृत्ती असेल तर बदला.

आता स्टार्टअप फोल्डर बघा. पुन्हा विंडोज आणि आर, खिडकीत इंग्रजीत ‘शेल’, कोलन, ‘स्टार्टअप’, मध्ये जागा न सोडता (shell:startup). बहुतेक मशिनवर हा फोल्डर रिकामा किंवा ओळखीच्या एक-दोन वस्तूंचा असतो. अनोळखी शॉर्टकट दिसला तर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये तो कुठे बोट दाखवतो ते वाचा, मोबाइलने फोटो काढा, मगच हलवा. टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ टॅबही तपासा. सुरुवातीला चमकणारी काळी खिडकी बहुतेक याच दोन ठिकाणची असते. तिथे नसेल तर टास्क शेड्युलर, पण त्यात विंडोजची स्वतःची शेकडो कामं असतात. ओळखता येत नसेल तर तिथे हात लावू नका.

कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपचंही असंच. केळीचा व्यापार आता बराचसा त्यावरच चालतो: गाडीचे फोटो, वजनपावत्या, बिलं, दिवसभर फायलींची ये-जा. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२५-३०४०१ नुसार, विंडोजवरचं जुनं व्हॉट्सॲप फाइल दाखवायचं एका निकषावर आणि उघडायचं दुसऱ्या. म्हणजे समोर फोटो दिसतो, क्लिक केल्यावर चालतो प्रोग्राम. २.२४५०.६ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये जाऊन ‘अपडेट’ दाबा, झालं.

हे करताना फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर टिक करा. विंडोज मुळात शेपटी लपवतं, त्यामुळे ‘गाडी बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल ‘गाडी बिल डॉट पीडीएफ’ दिसते. या एका टिकने जितकी मशिनं वाचतात तितकी विकतच्या अँटिव्हायरसने वाचत नाहीत, असं माझं मत.

आणखी एक नवी चाल. ‘मी रोबॉट नाही’ असं पान येतं आणि सांगतं की विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. असं कोणी केलं असेल तर थेट आठव्या मुद्द्यावर जा.

६. पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रांत घाण इथूनच येते. शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका. ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा आणि ‘ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’ टॅबवर ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ लपवण्याची टिक काढा. खऱ्या फायली बहुतेक वेळा तिथेच एखाद्या बिननावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप सापडतात. फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, स्कॅन करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, टिक परत लावा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह घेण्यापेक्षा फाइल मेलवर मागवणं बरं.

एक मशिन साफ करून उपयोग नाही. त्या दुकानातले, घरातले, पोरांच्या कॉलेज बॅगेतले सगळे पेनड्राइव्ह एकाच दिवशी साफ व्हायला हवेत.

७. घरून टॅली बघण्याची हौस

मालकाला रात्री घरी बसून हिशोब बघायचा असतो. मग कोणीतरी राउटरमध्ये पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवतो, पासवर्ड असतो दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन. असली उघडी दारं शोधणारे प्रोग्राम जगभर रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना सावदा काय आणि सिंगापूर काय. रॅन्समवेअर लहान धंद्यांत शिरण्याची ही ठरलेली वाट आहे. राउटरच्या पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ बघा, ३३८९ दिसला तर काढा. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा.

जुन्या दुरुस्तीवाल्याने टाकून ठेवलेलं रिमोट सॉफ्टवेअर असेल आणि त्याला न विचारता आत यायची मुभा दिलेली असेल, तर तेही काढा. टॅलीचा डेटा फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्काने शेअर केलेला असतो, तो फक्त गरजेच्या माणसांपुरता ठेवा. एसएमबी-१ ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत चालू असेल तर बंद करा; त्याने जुना नेटवर्क प्रिंटर-स्कॅनर बंद पडला तर तो त्याच पद्धतीवर चालत होता. वानाक्राय त्याच वाटेने आला होता, तेव्हा प्रिंटर जाऊ द्या.

८. नव्याने विंडोज, पण धड

वरच्या सगळ्यांनंतरही त्रास असेल, किंवा पाचव्या मुद्द्यातल्या ‘मी रोबॉट नाही’च्या चालीला कोणी फसलं असेल, तरच हे. आठ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ने विंडोज तयार करा. आजारी मशिनवर तयार केलेलं चालणार नाही. आधी टॅलीचा डेटा, एक्सेल, फोटो बाहेर काढा. सेटअपच्या फायली आणि ‘सॉफ्टवेअर’ नावाचा तो प्रसिद्ध फोल्डर घेऊ नका, सगळी मेख त्यातच असते. इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवा. फक्त सी उडवून डी ठेवला तर दुखणं डी मध्ये वाट बघत बसतं.

विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते. डिस्क काढण्याआधी किंवा बायोसमध्ये बदल करण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे ना, ते बघून कागदावर लिहून घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फायलींची शेपटी बदलली असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, बाकी कशाला हात लावू नका. फॉरमॅट तर मुळीच नको. लॉक झालेल्या फायली आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. काही रॅन्समवेअरची किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर फुकट मिळते, युरोपोलसारख्या यंत्रणांनी २०१६ मध्ये ती सुरू केली. मिळाली नाही तर पुढे कधीतरी येऊ शकते, पण फायलीच उडवल्या तर किल्ली घेऊन काय करणार?

बँकेतून पैसे गेले असतील तर दुरुस्ती नंतर. १९३० ला त्याच क्षणी फोन करा, बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे इथे मिनिटं मोजली जातात. मशिन तसंच ठेवा, तो पुरावा आहे. नोंदणीकृत कंपनी असाल तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तुमच्या सीएला उठवा.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तो व्हायरस नाही, डिस्क मरते आहे. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. स्कॅन लावत बसलात तर उरलंसुरलंही जाईल. एकाच वेळी दोन-तीन मशिनवर लक्षणं दिसली, किंवा सर्व्हरवर दिसली, तर एकेक साफ करण्यात अर्थ नाही. अख्खं नेटवर्क बघणारा माणूस लागतो.

मशिन कोणाच्या हातात देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. विंडोज कुठून टाकणार? ॲक्टिव्हेशन कशाने करणार? डिफेंडर बंद करावा लागेल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘थोडा वेळ’ असं उत्तर आलं, तर मशिन उचला आणि घरी या.